रुखवताच्या खोक्यातला पेन ड्राइव्ह

प्रसेनजीत,

आबांना घेऊन दवाखान्यात चाललेय. आमटी केलीय, भात तेवढा लाव. तुला मुद्दामच उठवलं न्हाय, सकाळी सकाळी भांडण नको.

कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरला म्हणून सगळ्यांचे फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलेस, बेस केलंस. तुझे गेले, आबांचे गेले, आईच्या भीमगीतांचाबी गेला. मग माझ्याच फोल्डरला तिथं जागा नव्हती व्हय? तो पेन ड्राइव्हवर टाकलास, कॉम्प्युटरवरनं पुसलास, आणि पेन ड्राइव्ह ठेवलास कुठं, तर माझ्या रुखवताच्या खोक्यात, ताटांवर! वर कागद चिकटवलास, 'ताईचं सामान'. अरे, लग्न मे महिन्यात हाय. आत्ता कुठं फेब्रुवारी लागलाय. जागा खाली करायला मी काय भाडेकरू हाय?

आज आबांचे रिपोर्ट काढायला बसले, तर फोल्डरच गायब. पाऊण तास आधी कॉम्प्युटर, मग घर पालथं घातलं, तवा खोक्यात पेन ड्राइव्ह गावला. तुला ठाऊक तरी हाय का, त्यांचे सहा वर्षांचे रिपोर्ट माझ्याच फोल्डरमध्ये असतात? असणारच की! त्यांना दवाखान्यात नेतंय कोण?

आता वाटेत झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढून घेते. संध्याकाळपर्यंत डी ड्राइव्हवर माझी जागा करून ठेव. आणि आबांना तूच तुझ्या तोंडानं सांग, पोरीबरोबर बापालाबी रुखवतात बांधून सासरी धाडायला निघालतास म्हणून.

तुझी ताई, अजून हितंच राहणारी