टाकीच्या टोपणाची पूजा

बेळगाव,
कार्तिक शुद्ध षष्ठी, १९८६

चि. शरद यास दाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असणारच. सल्ले देणाऱ्यांची असते, घेणाऱ्यांची बिघडते. तुझी ताई बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, त्याने तिची तब्येत उलट सुधारली आहे). मी मात्र जीप ढकलून कंबर धरून बसलो आहे.

तुझ्या सांगण्यावरून भरमा मिस्त्रीने आमच्या डिझेल जीपचा जुना, गरीब स्वभावाचा टर्बो काढून खाणीवरच्या मोडीतल्या यंत्राचा थोरला टर्बो बसवला. इंजिनाला वारा जास्त मिळाला की गाडी घाट गिळत जाईल, हे तुझे भाकीत. खंडेनवमीला विद्युल्लतेने जीपची यथासांग पूजा केली. (टर्बो तापलेला, हात लावू देईना, तेव्हा टाकीचे टोपण हेच इंजिनाचे मुख, असा सिद्धांत करून तिने गंध, हळदकुंकू, अक्षता सारे तिथेच लिंपले. मुलगी माझी शोभते.) आणि दुसऱ्या दिवसापासून जीपने केवळ वायुभक्षण करून राहण्याचे व्रत घेतले. पाच-सहा मैल धावायची, मग आचके देऊन उभी. डिझेल इंजिनापर्यंत पोचेचना.

थोरल्या टर्बोची भूकही थोरली, पंप पुरा पडत नाही, असे भरमाचे निदान. त्याने पंप उघडला, फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या. प्रत्येक उपायाआधी तो टोपण काढून टाकीत डिझेल आहे का ते बघे, मग उपाय करी, आणि जीप सुरू होई. सुरू झाली की उपायाचा जयजयकार, आणि पाच मैलांवर पुन्हा सुतक. काकतालीय न्याय मी आयुष्यभर वर्गात शिकवला. कावळा आपल्याच फांदीवर येऊन बसला तेव्हा ओळखता आला नाही.

अशा अवस्थेत निपाणीच्या पाहुण्यांना मुलगी दाखवायला आणण्यासाठी मी भरमासह जीप नेली. (बसने या म्हणता आले असते, पण तू त्यांच्यापुढे टर्बोचे स्तोत्र गाऊन ठेवले होतेस.) त्यांचा आनंद आणि विद्युल्लता निपाणीत तुझ्याच घरी एकमेकांना पाहून केव्हाच पसंत करून बसले आहेत. अडले आहे ते आनंदच्या आईपाशी, रुक्माबाईंपाशी. तर तवंदी घाटात जीप बसली. आनंदचे वडील कृष्णातराव मुकाट्याने उतरून ढकलू लागले. रुक्माबाई आतूनच म्हणाल्या, "काय वो गुरुजी, चालत न्यायचं व्हतं तर काल सांगायचं. कालच निघालो असतो."

भरमाने नेमाप्रमाणे टोपण काढले. टाकीने सूं करून श्वास घेतला. तो ऐकून बाई खाली उतरल्या. "थांब रं. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की अशीच धार अडतीया. वारं आत जायला दुसरं भोक लागतंय. ह्याचं कुठं हाय?" ते टोपणालाच असते, बारीक, असे भरमा म्हणाला. बघतो तर त्यात वाळलेले गंध, वर शिक्कामोर्तब केल्यासारखी अक्षत. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढून भोक मोकळे केले आणि विचारले, "पूजा कुणी केलीया?"

मी घाबरलो. म्हटले, माझ्या मुलीने याला बोटसुद्धा लावलेले नाही. असल्या गोष्टी तिला येतच नाहीत. हे सारे आमच्या सौभाग्यवतींचे.

"व्हय का," बाई म्हणाल्या. "इतक्या मनापासनं पूजा करणारी पोर आता कुठं मिळतीया? तशीच सून बघत हुतो आम्ही. असू दे."

नंतर जीप खरोखर घाट गिळत आली. बेळगावला बाईंनी पोहे खाल्ले, कळवतो म्हणाल्या, गेल्या. अद्याप कळवलेले नाही. विद्युल्लता टपालाच्या वेळेला दारात उभी असते आणि मी दिसलो की आत जाते.

तुझा,
दाजी

ता. क. उद्याच रुक्माबाईंकडे जा आणि पूजा विद्युल्लतेनेच केली, दाजी धादांत खोटे बोलले, असे सांग. व्याही खोटारडा असला तर त्यांना चालेल. तो वर्षातून दोनदाच भेटतो.

आणखी एक. तुझ्या नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही (तुझ्या भाकिताचा अनुभव त्यांनी ढकलत घेतला आहे). म्हणून विद्युल्लतेने आज टोपणाची पुन्हा हुबेहूब पूजा करून दिली आहे. ते या पत्रासोबतच बसच्या कंडक्टरबरोबर धाडतो. अक्षत पडू देऊ नकोस. इकडे टाकीला फडक्याचा बोळा लावला आहे, गाडी झकास चालते, तेव्हा टोपण परत आणायची घाई नाही. बाईंनी ते देवघरात ठेवले, तर तिथेच बसून मुहूर्त विचार.