फलकामागची लाइफबोट

अहो,

उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, तर पत्राच्या माथ्यावर तरी कसं लिहू? एवढ्यावरच ओळखा. लिहायला बसले, कारण तुमचा नकाशा सापडला. हो, तोच! लाइफबोटीचा!

शिमग्यानंतर तुम्ही गेलात आणि दीड महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. थोडं थांबायला काय झालं होतं? सगळी चाळ कंदिलांनी उजळली आणि आपल्या दारामागे तुमचा मोर्च्यातला फलक तसाच उभा. म्हटलं, आता मुंबई मिळाली, ही फळी तांदळाच्या पिंपाला झाकण होईल. खिळे उपटले, कागद सुटला आणि त्याच्या पाठीवर बोट!

गोदीतली ती जुनी वल्ह्यांची लाइफबोट मोडीत काढली, तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात. वादळात किती खलाशी वाचवले होते तिने! तिच्या कुजक्या फळ्या तुम्ही स्वतः बदललेल्या. कचेरीच्या रद्दीतून तिचा नकाशा मागून आणलात. फुटाला एक इंच अशा मापानं हुबेहूब बोट करायची आणि चाळीच्या गणपतीपुढे ठेवायची. मदतीला शेजारचे गोविंदभावोजी, तेही गोदीतले सुतार.

मग वल्ह्यांवरून जुंपली. तुम्ही म्हणालात बारा, ते म्हणाले दहा.

"काढ नकाशा!"

"काढतो!"

आणि नकाशा गायब. हरायच्या भीतीनं गोविंदानंच लपवला, असं तुम्ही चाळभर सांगितलंत.

दोन वर्षं अबोला! मधे एक भिंत, गोदीत एकच खातं, मोर्चाही एकच. परळहून निघालं की तुम्ही फलक घेऊन पुढे, ते चार रांगा मागे. लालबागला लाठ्या सुरू झाल्या, तेव्हा दोघे एकाच जिन्याखाली शिरलात. फलक तुम्ही दोघांच्या डोक्यावर धरलात. हे मला भावोजींनी सांगितलं, तुम्ही नाही. आणि बोललात कोणाशी? तिथल्या तिऱ्हाइताशी! "ह्यांना सांगा, चप्पल राहिली रस्त्यात." काय म्हणावं तुम्हाला?

आता माझा गुन्हा ऐका. त्या भांडणाच्या आठ दिवस आधी, तुमच्या पहिल्या मोर्च्याच्या सकाळी, तुम्ही ओरडलात, "जाड कागद दे!" मी माळ्यावरची सुरळी दिली. आत नुसत्या रेघोट्या दिसल्या, मला वाटलं रद्दी. पण तुम्ही? कोऱ्या बाजूवर हातभर अक्षरं रंगवलीत, एकदा उलटून बघता आलं नाही?

कागद घेऊन भावोजींच्या खोलीकडे निघाले, पण उंबऱ्यातच पाय अडले. तुम्हाला पहिला खांदा त्यांनीच दिला होता. आणि मी? दोन वर्षांत एकदाही त्यांची बाजू घेतली नाही. खरं सांगू, मनातून मलाही तेच चोर वाटायचे.

त्यांनी चष्मा लावला. वल्ही मोजली. पुन्हा मोजली. दहा! मग कागद उलटला आणि तुमची अक्षरं बघून ओरडले, "मेल्यान दोन वर्सां माका चोर केल्यान गे वयनी! आणि नकाशो माझ्याच फुडे नाचवल्यान!"

बोलले आणि जीभ चावली. 'मेल्या' ही शिवी तुम्हाला त्यांनी हजारदा घातली असेल, पण आता खरी झाली होती ना! दोघांत आधी कोण हसलं, आठवत नाही. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

तुमची हत्यारांची पेटी मी त्यांना दिली. रागावू नका. काल ते गॅलरीत सागाची फळी कापायला बसले, दुसरं टोक मी धरलं. हात तुमच्याइतका सफाईचा नाही, तोंड मात्र अगदी तुमचंच. "वयनी, हलवू नको गे!"

गणपतीपर्यंत बोट तयार होईल, हा माझा शब्द. आणि आणखी एक. आरास उघडेल त्या दिवशी सगळ्या चाळीसमोर मी तुमच्या वतीनं भावोजींची माफी मागणार आहे, चांगली मोठ्यानं. तुम्हाला ते मुळीच आवडणार नाही, ठाऊक आहे मला.

नसेल आवडत, तर या आणि भांडा.

तुमची,
यमुना