बिनमोरचुदाची खळ

४ सप्टेंबर

घर लागलं एकदाचं. दोन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर, मागे हात धुवायला जागा. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगत, दिवस लिहून ठेवला की तो फुकट जात नाही. म्हणून नव्या ठिकाणी आलो की मी नवी वही काढतो. ही मीच बांधली आहे, उरलेल्या कागदांची.

इथल्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधायचं काम मिळालं आहे. नेमणूक वर्षाची, काम आवडलं तर पुढे. घर ग्रंथालयाच्या कार्यवाहांचंच. ते आणि त्यांची पत्नी वर राहतात, आम्ही खाली. ग्रंथालय हाकेच्या अंतरावर. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आणखी काय हवं?

भिंती इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत. हिने एका भिंतीवरून बोट फिरवलं तर बोटच पांढरं झालं. म्हणाली, नवरी सजवलीय खरी, पण पावडर जरा जास्तच थापलीय. आमची मुलगी नऊ वर्षांची. दिवसभर तोंड बंद नसतं म्हणून माझ्या बहिणीने तिचं नाव टिटवी पाडलं, तेच राहिलं. टिटवीने आतल्या खोलीत भिंतीलगतची जागा पटकावली आणि जाहीर केलं की या बाजूला कुणी पाय ठेवायचा नाही, बाबांनीसुद्धा विचारून यायचं.

मालक भेटून गेले. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं गुळासारखं. मला बाइंडर म्हणतात. भिंतीत खिळे ठोकू नका, एवढंच बजावून गेले.

संध्याकाळी हात जोडले. काही मागितलं नाही.

१३ सप्टेंबर

काम मनासारखं आहे. पानं चिकटवायची खळ घरीच शिजवतो, कारण ग्रंथालयात चूल पेटवायला बंदी. हिचं म्हणणं, एकाच डब्यातलं पीठ, मी शिजवलं तर खाऊन संपतं, तुम्ही शिजवलं तर शंभर वर्षं टिकतं. शंभर वर्षं टिकतं ते मोरचुदामुळे. चिमूटभर निळी पूड, विषारी. ती घातली नाही तर खळीला आठ दिवसांत बुरशी धरते, पुस्तक आतून कुजत जातं आणि वाचणाऱ्याच्या छातीत उतरतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणत, वाईट बांधणी माफ आहे, बिनमोरचुदाची खळ माफ नाही.

टिटवीला थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतं.

२८ सप्टेंबर

टिटवीच्या उशीजवळ भिंतीवर एक डाग उमटला आहे. बशीएवढा, काळा-हिरवा, कडेला केसाळ. पुसला की जातो, दोन दिवसांनी परत येतो. खोलीत कुबट वास आहे. हिचं डोकं सकाळपासून ठणकतं आणि घराबाहेर पडलं की थांबतं. वर मालक आंघोळीला बसले की ती भिंत आतून गार पडते. आज हात लावून पाहिलं.

९ ऑक्टोबर

नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, जसा डॉक्टर छातीला लावतो. म्हणाला, वरच्या न्हाणीघराचा नळ भिंतीत गळतोय. वरची फरशी फोडली तर एका दिवसाचं काम, नाही फोडली तर जन्माचं.

वर जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, फरशी गेल्या वर्षीच बसवलीय, ती कशी फोडणार? ओल आमच्यामुळेच आहे. आम्ही कपडे घरात वाळत घालतो, स्वयंपाकाची वाफ घरात कोंडतो, खिडक्या उघडत नाही, गावाकडच्या लोकांना बंद घरात राहायची सवय नसते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या खाली बघत राहिल्या.

मी हे खाली येऊन सांगितलं तर ही म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा. न्हातात ते, आणि ओल आमची!

दुपारी मालकांनी रंगारी पाठवला. त्याने डागावर दोन हात पांढरा रंग मारला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

२२ ऑक्टोबर

रंगाखालून डाग वर आला. आता परातीएवढा आहे. टिटवीच्या छातीत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला. म्हणाले, औषध मी मुलीला देतोय, पण आजारी भिंत आहे, तिला मी काय देऊ? घर बदला.

तिचं अंथरूण समोरच्या कोरड्या भिंतीकडे हलवलं. चार दिवसांनी आज त्या भिंतीवरही डाग दिसला. झोपल्यावर तिचं तोंड जिथे येतं, नेमका त्या उंचीवर.

मी झोपतो ती भिंत पांढरीशुभ्र आहे. हातांना मोरचूद लागलेलं असतं, त्यामुळे असेल.

३० ऑक्टोबर

समोरच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. त्याने विचारलं, पोरगी खोकते का? मग वस्तरा चालवता चालवता सांगितलं की आमच्याआधी तीन कुटुंबं राहून गेली, तिन्ही खोकत गेली. शेवटच्या कुटुंबातलं तान्हं बाळ दगावलं. ते लोक घर सोडून गेले त्याच आठवड्यात रंगारी येऊन गेला. मालकांनीच रंग पसंत केला.

म्हणजे माहीत होतं. आम्हाला चावी देताना हसत होते, तेव्हाही माहीत होतं.

पुन्हा वर गेलो. घर बदलायचं असेल तर खुशाल बदला, म्हणाले, पण मग नोकरीही दुसरीकडेच बघा, बाइंडर. नेमणुकीच्या कागदावर सही माझी असते.

मी नमस्कार करून खाली आलो. नमस्कार केला याची मला अजून लाज वाटते.

७ नोव्हेंबर

टिटवीला दवाखान्यात ठेवलं होतं, तीन दिवस. ओठ निळे पडले होते. नाकातोंडावर मुखवटा होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं, तर बोटांनी चादरीवर काहीबाही लिहीत होती. तिला गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आज घरी आणली. वर दुपारभर पाणी पडल्याचा आवाज. मालक गात गात न्हात होते.

मी देवापुढे बसलो. आयुष्यभर रोज बसतो आणि आजवर कुणाचं वाईट मागितलं नाही. आज मागितलं. म्हणालो, माझ्या लेकीच्या छातीत जे आहे ते त्याच्या छातीत जाऊ दे. शब्द मोठ्याने म्हटले. आतल्या खोलीत काहीतरी थांबल्यासारखं वाटलं, कुणीतरी कान द्यावा तसं.

१५ नोव्हेंबर

मालक स्वतः खाली आले. त्यांच्या वडिलांच्या हातची प्रार्थनांची वही आहे, जाडजूड, शिवण सुटलेली. रोज सकाळी तासभर वाचतात. नजर अधू आहे, पान नाकाला टेकवावं लागतं, हे त्यांनीच सांगितलं. बाइंडर, जरा मायेने बांधा, म्हणाले. टिटवी त्यांच्यासमोरच खोकत होती. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

वही दुपारी उसवली. अक्षर सुंदर आहे. कुणीतरी भक्तीने लिहिलेलं.

मग खळ शिजवली. निळी पुडी कपाटातच राहिली. खळ निवल्यावर मी घड्या दाबायची हाडाची पट्टी घेतली आणि टिटवीच्या उशाची भिंत खरवडली. बुरशी सहज सुटून आली, जणू वाट बघत होती. ती खळीत कालवली. प्रत्येक पानाच्या सांध्यात, पाठीत, पुठ्ठ्याच्या आत तीच भरली. इतकी सुबक बांधणी माझ्या हातून आजवर झाली नव्हती.

२८ नोव्हेंबर

भिंत साफ झाली. नळ तसाच गळतोय, भिंत गारच आहे, पण डाग नाही. टिटवीची शिट्टी बंद. आज शाळेतून येऊन तिने सलग तासभर बाईंची नक्कल केली. हिने कान झाकून घेतले आणि कान झाकून रडली.

वरून खोकण्याचा आवाज येतो. मी हातातलं काम खाली ठेवून ऐकतो. गोड लागतं, खोटं कशाला लिहू?

१० डिसेंबर

मालक अंथरुणाला खिळले आहेत. औषध बदललं, डॉक्टर बदलला. मालकीणबाई वही घेऊन खाली आल्या. पानांना वास येतोय का बघाल, म्हणाल्या. ते आता स्वतः वाचू शकत नाहीत, पण वही छातीवर ठेवूनच झोपतात.

उघडून पाहिली. सांध्यासांध्यांतून बारीक काळी लव वर आली होती. पान उलटलं तशी लव हलली. श्वास घेतल्यासारखी.

वही तिथेच ठेवून घेता आली असती. मी म्हणालो, नव्या कापडाचा वास आहे, जाईल. बाईंनी माझे आभार मानले. त्यांना बाळाबद्दल विचारावंसं वाटलं, तेव्हाही खालीच बघत होतात का म्हणून. नाही विचारलं.

१९ डिसेंबर

मालक गेले. सकाळी नऊला.

मी खांदा दिला. जड होते. वहीही त्यांच्याबरोबरच गेली, बाईंनी ठेवली.

घरी येऊन आंघोळ केली आणि पोटभर जेवलो. करावं तसं भरावं, एवढंच मनात होतं. न्हावी वाटेत भेटला, तोही म्हणाला, देर आहे पण अंधेर नाही.

२३ डिसेंबर

टिटवी पहाटे खोकली.

उशाशी डाग. बशीएवढा.

मालकीणबाईंनी कालच फरशी फोडून नळ बदलून घेतला होता. आपणहून. नळवाला स्वतः येऊन भिंत बघून गेला, म्हणाला, थेंबभर पाणी नाही आता. भिंत कोरडी ठणठणीत आहे. कोरड्या भिंतीवर —

२७ डिसेंबर

मोरचुदाचं पाणी करून भिंत धुतली. दोनदा. निळ्यावरून काळं वर आलं.

हिला आणि टिटवीला हिच्या भावाकडे पाठवलं. चार तासांच्या अंतरावर. उन्हाचं घर आहे, चारही बाजूंनी मोकळं.

३१ डिसेंबर

मेहुण्याचा फोन आला. सांगताना चाचरत होता. भाची झोपते तिथे भिंतीवर काहीतरी आलंय, म्हणाला. आमच्याकडे कधी ओल नव्हती, भाऊजी.

तोंडाच्या उंचीवर आहे का, विचारलं.

तो म्हणाला, तुम्हाला कसं कळलं?

२ जानेवारी

मी तिच्या जागेवर झोपतो आहे. तोंड डागाला लावून. दुपारीही. खोल श्वास घेतो. मोजून. मला घे म्हणालो. मी मागितलं होतं, मी कालवलं होतं, पोरीचा काय संबंध?

५ जानेवारी

माझी छाती साफ आहे. डॉक्टरांनी तपासली, पंचविशीतली छाती आहे म्हणाले. माझ्या तोंडासमोरचा डाग बाजूला सरकतो. मी सरकलो की तो सरकतो. भांड्यात खरवडून घेतला, गिळला. काही नाही. भूक वाढली आहे.

मला घेत नाही. कामाच्या माणसाला कोण —

७ जानेवारी

टिटवी पुन्हा मुखवट्याखाली. हिने फोनवर विचारलं, तुम्ही काय केलंत? नुसतं एवढंच. एरवीसारखं ‘अहो’सुद्धा म्हणाली नाही.

मी देवाकडे मागितलं होतं. ऐकलं कुणी, ते मला माहीत नाही. देवापुढे बसवत नाही. बसलो की आतल्या खोलीत ते थांबतं. ऐकतं.

त्याला एक छाती लागते. एवढं कळलं. एक रिकामी झाली की दुसरी.

८ जानेवारी

ग्रंथालयात शाळेची पुस्तकं आली आहेत बांधायला. सव्वीस. चित्रांची. लहान वर्गाची. कोपरे चघळलेले.

घरी आणली. नको होती आणायला.

सवयीने खळ शिजवायला ठेवली. पुडीकडे हात गेला आणि — नाही घातली. अजून नाही घातली. घालणार आहे. निवली की घालीन. भांडं आतल्या खोलीत कसं गेलं ते आठवत नाही.

९ जानेवारी

हिचा फोन. रडत होती. आनंदाने. सकाळी मुखवटा काढला. ओठ लाल आहेत. डॉक्टरांना नवल वाटलं.

मग टिटवी आली फोनवर. बाबा ऐका ना, बाबा ऐका ना, नर्सच्या मांजराला चार पिल्लं, एकाचं नाव मी ठेवणार — न थांबता, न खोकता, श्वास न घेता —

मी अजून काहीच केलेलं नाही. एकही पान चिकटवलेलं नाही. त्याने आधीच —

खळ काळी झाली आहे. गरम नाही, तरी हलते.

पुडी समोर आहे. घातली तर पोरगी —

नाही घातली तर सव्वीस —

ब्रश हातात आहे. पहिल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने आपलं नाव लिहिलंय. मोठी, वेडीवाकडी वळणं. शेवटचं अक्षर मावलं नाही म्हणून खाली काढलंय. मी ते वाचत नाही.