त्रिकोणाची खूण

अमरावती,
शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी १९६३

प्रिय पंजाबराव यांस,

सप्रेम जयभीम. तुमची बहीण आणि मुलं इकडे मजेत आहेत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. (ही विचारपूस मनापासूनची आहे. पुढचं सगळं रागाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

तुमच्या छापखान्यानं नत्थुजी गुरुजींच्या आठवणींतून त्यांची बायको नाहीशी केली! गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मात हे एकच पुस्तक, ते सतराच्या रविवारी आमच्या शाळेत प्रकाशित व्हायचं, आणि त्यात मनकर्णाबाई औषधालाही नाहीत. पान बारावर तिवशाहून शाळेचा फळा आपोआप चालत येतो, कारण तो डोक्यावर आणणारी काढून टाकली. पान एकतीसवर गुरुजींना मुलगी होते. दिवस कोणाला गेले होते, ते पुस्तक सांगत नाही. काल मी त्यांना प्रूफ वाचून दाखवत होतो. (त्यांना आता दिसत नाही.) फळ्यापाशी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "देवमन, आमची कुठं गेली?" बाई वारल्याला सहा वर्षं झाली. मला पुढे वाचवेना.

आज सकाळच्या मोटारीनं अकोला गाठलं, तर तुम्ही अंजनगावला लग्नाला. (लग्नाला माझी हरकत नाही.) तुमचे कंपोझिटर डोमाजी तेवढे भेटले. प्रूफ मीच तपासत होतो; नेहमीच्या खुणांवर माझं भागेना, म्हणून मी त्यांच्यासाठी नव्या खुणांचं पत्रकच करून दिलं होतं: गोल म्हणजे शब्द काढा, बाण म्हणजे वाक्य वर न्या, आणि त्रिकोण म्हणजे एकदा सांगितलेलं काम पुढेही आपणच करत जा. या त्रिकोणाचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता. तो मी एकदाच वापरला, पान नऊवर, कारण तिथे मनकर्णाबाई सात वेळा काहीतरी म्हणतात. डोमाजी खिळे जुळवता जुळवता, मान वर न करता म्हणाले, "तुमीच लेहलं न मास्तर, मनकर्णाचं वाक्य काढा, पुढंही असंच. कुठं थांबाचं ते काई लेहलं नाई. मंग मी शेवटपावतर गेलो." मी म्हटलं, अहो, बायको आहे ती त्यांची! तर म्हणतात, "मले वाटलं, तुमाले आवडत नाई. मले तं बाई लय चांगली वाटली. काढाले जिवावर आलं."

जिवावर आलं, तर हात का थांबला नाही? पुढे म्हणजे पानापुरतं, हे शहाण्या माणसाला सांगावं लागतं? डोळे मिटून आज्ञा पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्याइतकं नुकसान कोणी करत नाही. तुमचा छापखाना नव्हे, कत्तलखाना आहे.

आपला,
देवमन

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी त्या खुणांच्या पत्रकाची माझ्याजवळची नक्कल बाहेर काढून पाहिली. गोलापुढे 'त्या ओळीपुरता' लिहिलं आहे. बाणापुढे 'त्या पानापुरता'. त्रिकोणापुढे काहीच नाही. कत्तलखाना हा शब्द मागे घेतो. राग घेत नाही. लिहिताना तो खरा होता.

आणखी एक. काढलेली त्रेपन्न वाक्यं हस्तलिखितावरून जशीच्या तशी परत घ्यावीत. पान नऊवरची सातही. ती कंटाळवाणी आहेत हे ठरवणारा मी कोण, याचं उत्तर कालपासून सापडलेलं नाही.

शेवटचं. कंपोझिटरनं घोळ केला, असं मी काल गुरुजींना सांगून मोकळा झालो. ते म्हणाले, त्याला रविवारी घेऊन ये, मनकर्णा कोण होती ते मी त्याला सांगतो. तेव्हा डोमाजींना नक्की आणा. घोळ कोणाचा, ते मी गुरुजींना त्यांच्यादेखत सांगेन. (त्यांची मोटार चुकली तर मी रागावणार नाही. पण आणाच.)