जो जिंकेल त्याचं डोकं

शनिवार, २ नोव्हेंबर

दोन डोकी झाली! पेगीच्या गॅरेजमध्ये शेजारी शेजारी वाळत ठेवली आहेत — एक त्याचं, एक तिचं. धड एकच. कोंबड्यांची जाळी, जुनी वर्तमानपत्रं, मैद्याची खळ. त्याच्या नाकाशी तीन दिवस झटलो, अजून मनासारखं नाही.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल बुधवारी आणि आमची मिरवणूक सोळाला. पुतळा दहा दिवसांत उभा राहत नाही, म्हणून ही युक्ती. नोव्हेंबरात इंग्लंडभर होळ्या पेटतात, पुतळे जळतात; पण चिटलहर्स्टच्या आमच्या बॉनफायर मंडळाचा नियम माझ्या आजोबांच्या आधीपासून एकच — जो जिंकतो त्याला जाळायचं. हरलेल्याला जाळण्यात कसली आली मर्दुमकी?

पेगी एकहर्स्ट, आमची कॅप्टन, खळीत कोपरापर्यंत बुडालेली. "टिकनर, खरं सांग, तुला कोण हवंय?"

"ती."

"मग तिलाच जाळावं लागेल हो."

"जाळू की!"

"शाबास," म्हणाली, आणि खळीच्याच हाताने पाठ थोपटली. कोट धुवायला टाकलाय.

सोमवार, ४ नोव्हेंबर

रोवेनाचा रविवारचा फोन आला नाही. ओहायोत निवडणुकीची धामधूम असणार. गेल्या वर्षी तिकडची नागरिक झाली, उद्या तिचं पहिलं मतदान. कुणाला देणार, हे विचारायची गरजच नाही — माझी मुलगी आहे.

बाळ जानेवारीच्या शेवटी. माझं तिकीट वीस जानेवारीचं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तो जिंकला.

नाश्ता अर्धा टाकून वही घेतली आणि बाहेर पडलो. गावपत्रकाचं 'गाव काय म्हणतं' हे पान माझ्याकडे. बेचाळीस वर्षं बातमीदारी केली, निवृत्त होऊन सात झाली, पण पाय अजून आपोआप चालतात. नव्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवायचो — आधी विचारा, मग गप्प बसा. लोक शांतता भरून काढायला खरं बोलतात.

सकाळचा माल:

पबचा मालक क्लाइव्ह हनीसेट, वय ५८: "मला काय विचारतोस? तीन आठवडे माझा कचरा उचलला नाही. त्यावर मत घे की!"

लेन पिलबीम, निवृत्त बसचालक, ८१: "बरं झालं! तो काय बोलतो ते निदान कळतं. आपले बोलतात ते त्यांच्या बायकांनाही कळत नसेल."

पोस्टाची डॉन, ३४: "सकाळपासून सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसा काही मीच त्याला टपालातून आणला."

पाद्रीणबाई, ४९: "मी प्रार्थना करतेय. कुणासाठी, ते छापू नका."

भाजीच्या दुकानात दोघी बहिणींत जुंपली. थोरली म्हणाली जगबुडी आली. धाकटी म्हणाली, "तू हे आपल्या पंतप्रधानाच्या वेळीही म्हणाली होतीस, आणि त्याच्या आदल्याच्याही." फ्लॉवर दोघींपैकी कुणीच घेतला नाही.

हळहळणारे जास्त, पण मला वाटलं होतं तितके नाहीत. खांदे उडवणारे बरेच. लेनसारखे पाच.

दुपारी एकला रोवेनाला फोन लावला. तिकडे सकाळचे आठ. आमच्याकडून फोन नेहमी माझी बायको विनी करायची, मी मागून ओरडायचो. ती गेल्यापासून मलाच करावा लागतो. म्हणालो, "फार वाईट झालं गं. सगळं गाव हळहळतंय तुमच्यासाठी." (सगळं नाही. पण त्या क्षणी तसं वाटत होतं.)

"डॅड, आज नको."

"आज नाही तर कधी?" मी म्हणालो, आणि बोलतच राहिलो. दोन्ही डोक्यांचं सांगितलं. क्लाइव्हच्या कचऱ्याचं सांगितलं, ती हसली नाही. मागे कसली तरी पी-पी चालू होती, मायक्रोवेव्ह असावा. शेवटी म्हणालो, "सोळाला जाळतोय बघ त्याला. तुझ्या नावानं!"



मग — "मी त्यालाच मत दिलंय. जाळ. माझंच मत जाळतोयस. आणि मग जानेवारीत यायची तसदी घेऊ नकोस."

फोन बंद.

पडद्यावर आकडा राहिला होता — अकरा मिनिटं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

माझी मुलगी! चार वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून पहिली मिरवणूक पाहिली. नवव्या वर्षी स्वतःची मशाल. आमची काळी-लाल पट्ट्यांची जर्सी तिने ओहायोलाही नेलीय.

आणि आता मला सांगते, जाळू नकोस!

मी माझ्याच मतानं निवडून आलेल्यांना दोनदा जाळलंय. पुतळा पेटवण्याआधी वाचायचं आरोपपत्रही मीच लिहिलं, मीच वाचलं. आम्ही पक्ष बघून जाळत नाही, खुर्ची बघून जाळतो. हे तिला माझ्याहून कुणी जास्त शिकवलं?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

जावयाचा निरोप. क्ले. 'जमेल तेव्हा फोन करा.' नवऱ्याला पुढे केलं तर! करणार नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गॅरेजमध्ये पेगीला सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला.

"मग तिचंच डोकं लावू या. कुणाला काय कळतंय अंधारात?"

"मला कळेल."

"टिकनर, तुझं नातवंड आहे रे."

"नातवंडाला सांगेन, तुझा आजोबा घाबरला नाही."

"नातवंड विचारेल, मग तू आलास का नाहीस?" पेगीने ब्रश परत उचलला. शाळेत चाळीस वर्षं पोरांना जेवण वाढलंय तिने. कुणी ताटातलं टाकलं की जशी बघायची, तशीच माझ्याकडे बघत होती.

त्याचं डोकं धडावर बसवलं. तिचं पेगीच्या कपाटावर, रंगाच्या डब्यांशेजारी. हरलेल्यांना जागा असते, मान नसतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पानाची शेवटची तारीख. सत्तावीस मतं, जागा विसांची. समितीच्या एक बाई म्हणाल्या, लेनचं गाळा, गावाचं नाव खराब होतं. म्हटलं, गाव त्याचंही आहे. पाद्रीणबाईंचं आखूड केलं, लेनचं शब्दन्‌शब्द ठेवलं. मालकांच्या दबावाखाली मी कधी मथळा बदलला नाही, आता फुकटच्या पत्रकात बदलू?

रोवेनाचं मत पानात बसत नाही. गावची नाही ती आता.

क्लेचा पुन्हा निरोप. तेच शब्द. उत्तर दिलं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आरोपपत्र लिहून झालं. चार वेळा वाचलं. चांगलं आहे. धारदार आहे. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं, अर्ध्याहून जास्त वाक्यं रोवेनाला उद्देशून आहेत. ती काढली नाहीत.

रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळ

घसा बसलाय. भुवया थोड्या जळल्यात. झकास झालं!

दोनशे मशाली चर्चच्या उतारावरून खाली आल्या. मी लाकडी मंचावर, परंपरेप्रमाणे आर्चबिशपच्या झग्यात, डोक्यावर कार्डबोर्डचा मुकुट. लोक नेहमीसारखे माझ्या पायाशी फटाके फेकत होते. त्याशिवाय आरोपपत्र वाचण्यात मजा नाही. क्लाइव्ह फोन वर धरून सगळं थेट इंटरनेटवर दाखवत होता. "चारशे एक जण बघतायत!" ओरडला. "लेन, केस नीट कर!"

लेन पहिल्या रांगेत. स्वतःच्या माणसाचा पुतळा जळताना सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला. मंडळ म्हणजे काय, ते या म्हाताऱ्याला कळतं.

शेवटचं वाक्य कागदात नव्हतं. म्हणालो, "आणि ज्यांनी याला निवडलं, त्यांना सांगा — तुमचं मत तुमचं, आमची आग आमची!" गर्दी उसळली. पेगीने काडी लावली. नाक सगळ्यात आधी गेलं.

पेगी नंतर भाजलेला बटाटा घेऊन जवळ आली. "ते शेवटचं कुणाला होतं?"

"सगळ्यांना."

"हं," म्हणाली. बटाटा मात्र दिला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

क्लेचा निरोप, या वेळी लांब. सोबत फोटो. काचेची पेटी, आत नळ्या, नळ्यांमध्ये विनीची हनुवटी.

मुलगी. जन्म सात तारखेचा. दीड किलो. आता श्वास स्वतःचा घेते. रोवेना तीन तारखेपासून इस्पितळात. रक्तदाब चढला होता. मला घाबरवायचं नाही म्हणून तिने कळवू दिलं नाही. फोनवर स्वतः सांगणार होती. बुधवारी मी फोन केला, तेव्हा तिला तपासणीची यंत्रं लावलेली होती. मतदानाला ती गेलीच नव्हती.

क्ले लिहितो, शनिवारी पेटीशेजारी बसून रोवेनाने इंटरनेटवर सगळं पाहिलं. शेवटपर्यंत. नाक चुकलंय म्हणाली.

सत्तावीस जणांना विचारलं मी.

तिकीट बदललं, उद्या दुपारचं. मग फोन लावला. तिने उचलला. मागे पी-पी.

"कशी आहेस?" म्हणालो. आणि गप्प बसलो.