तिसरा रोलर

४ मे, रविवार
सकाळी विहारामागच्या शेडमध्ये गेलो. पुरात माणसं काढायच्या बोटीवरची ताडपत्री काढली, मागच्या जुलैनंतर आज पहिल्यांदा. ट्रेलरचे सहाही रोलर गेलेत. रबर कडक, भेगा पडलेल्या, मधोमध झिजून डमरूसारखे. पुरात बोट यांच्यावरूनच पाण्यात सरकते आणि हेच फिरत नाहीत. तिसरा तर हातोडी मारली तरी हलेना.
विहार कमिटीचं म्हणणं, "तुम्ही फिटर माणूस, आता रिटायर, वेळ आहे." वेळ आहे. कंबर नाही.

७ मे, बुधवार
तुळईला चेन-ब्लॉक लावून बोट उचलली. आधी पुढून, मग मागून, खाली लाकडी ठोकळे. चार तास. गल्लीतले दोघे आले, थोडा हात लावला, फोटो काढले, गेले. रोलरच्या गंजलेल्या पिना सुटाव्यात म्हणून डिझेल ओतून ठेवलंय.
जेवताना बायको, संगीता, म्हणाली, "वसंतभाऊंना बोलवा की. दोघं मिळून दोन दिवसांत उरकाल."
म्हटलं, त्याचा हात.
"हात बरा होऊन सहा महिने झाले. तुम्हीच जात नाही त्यांच्याकडे चामटोलीला."
भात संपवला, उठलो.

९ मे, शुक्रवार
पाच पिना निघाल्या. तिसऱ्या रोलरची नाही. शेवटी ग्राइंडरने कापली.
लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील. गेल्या जुलैत नदी सोसायट्यांत शिरली. ट्रेलर मागे घेत पाण्यात नेला, पण बोट सुटेना. तिसऱ्यावर अडकलेली. वसंता खाली वाकून खांद्याने रेटत होता. ती सुटली ती एकदमच. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं रोलरच्या ब्रॅकेटमध्ये चिरडली. हाताला गमछा गुंडाळून तो तसाच बोटीत चढला. त्याच्याएवढी नदी कुणाला माहीत नाही. तीन फेऱ्या करून माणसं काढली, मग दवाखान्यात गेला. दोन्ही बोटं काढावी लागली.
आणि हे कुणालाच माहीत नाही. त्याआधीच्या मे महिन्यात तपासणी मीच केली होती. तिसरा फिरत नव्हता. ग्रीस थापलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "ठीक." त्या दिवशी ऊन फार होतं. एवढंच कारण.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा
विहारात गर्दी. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तोंडावर रुमाल धरला. शेजारच्याला वाटलं खोकला. अध्यक्षांनी माईकवरून माझं नाव घेतलं, या वयात बोटीसाठी राबतायत म्हणून. टाळ्या. माझी खीर संगीताच्या वाटीत ओतली.

१५ मे, गुरुवार
उल्हासनगर. रबराचे रोलर बनवून देणारे सिंधी शेठ, कॅम्पातलं जुनं दुकान. तिसरा रोलर हातात घेऊन अंगठ्याने दाबला. "साईं, ये तो कब का मर चुका था. चलाया कैसे?"
म्हटलं, चलाया.
ट्रेलर बाहेरच्या देशातला, मापं इंचात. कागदावर काढून दिली. आठवड्याने या म्हणाले.

२२ मे, गुरु.
रोलर आणले. ब्रॅकेटमध्ये जाईनात, तीन मिलिमीटर जास्त रुंद. चूक माझी. कडांना फुगलेला जुना रोलर मोजला, ब्रॅकेटच्या आतलं अंतर मोजलंच नाही. चौतीस वर्षं फिटर होतो. दुपारी परत पिशवी घेऊन उल्हासनगर. शेठनी चहा मागवला, सहाही रोलर लेथवर घेऊन कडा उतरवून दिल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२५ मे, रवि.
सगळे बसले. नव्या पिना, वॉशर, ग्रीस. एका बोटाने ढकलला तरी गरगर फिरतो. बोट परत वर ठेवली. संध्याकाळी पायरीवर बसलो ते उठवेना. संगीता शेजारी येऊन बसली. तिला रजिस्टरचं सांगितलं.  ती म्हणाली, "मला सांगून काय होणार."

२८ मे, बुध.
चामटोलीला गेलो. वसंता अंगणात लाकडं फोडत होता, डाव्या हाताने. बसलोसुद्धा नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं.
"कवा बघितलास?"
"त्याच मे महिन्यात."
"आनि ठीक लिवलास."
"हो."
त्याने आणखी दोन लाकडं फोडली. मग म्हणाला, "पानी पी. ऊन हाय."
त्याची बायको पाणी घेऊन दारात उभीच होती. तिने सगळं ऐकलेलं. तांब्या दिला, मी पिईपर्यंत थांबली, तांब्या घेऊन आत गेली. बाहेर आली नाही.
परतीला रिक्षा मिळाली नाही. चालत आलो.

१ जून, रविवार
नदीच्या उतारावर ट्रायल. ट्रेलर मागे घेतला, पट्टा सैल केला, बोट आपल्या वजनाने सरकत पाण्यात गेली. धक्का नाही, आवाज नाही. लोक खूश. मला नुसती झोप येत होती.
वळलो तर वर चिंचेखाली वसंता. कधी आला कळलं नाही. गर्दी पांगल्यावर खाली उतरला, एकेक रोलर डाव्या हाताने फिरवून बघितला.
"चौथा जरा घासतो."
म्हटलं, बघतो.
"पावसात बोटीखाली कोन ऱ्हानार?"
"मी."
"ही कंबर घेऊन?"
"हो."
 मी म्हटलं, बोटीवरच्या माणसांची यादी बुधवारी कमिटीला द्यायचीय, तुझं नाव लिहू का?
"हिला इचारतो," म्हणाला. "तू येऊन गेल्यापास्नं नीट झोपली नाय ती."
चपला हातात घेतल्या आणि चढ चढून गेला.