ढोकाच्या पायातला बिल्ला

३ जानेवारी १९८३, सोमवार

दानम्माबाईंनी आज पुन्हा नववीच्या मुली थांबवून घेतल्या. शाळेची शिपाई मी, कुलूप हातात घेऊन दारात उभी! घरी भाकरी टाकायच्यात, आणि यांचं काय चाललंय — पक्षी! राजस्थानात कुठलंसं राष्ट्रीय उद्यान आहे, मोठं तळं, तिथं पाखरं उतरतात. चौदा मुली न्यायच्या. आमच्या लेकीनं, केवळानं, सगळ्यांआधी नाव दिलं. मला विचारलं नाही.

४ जानेवारी

विचारलं. नाव देऊन आल्यावर! म्हटलं, इथं नळाला तीन दिवसाआड पाणी, आणि तुला तळं बघायचंय?

"म्हणूनच," म्हणते.

लई तोंड आहे.

मामांनी तिचीच बाजू घेतली. मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानोबा. "जाऊ दे की पोरीला. मी छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेलो, तेवढाच आपल्या घरचा लांबचा प्रवास. ही त्याच्याही पुढं चालली."

मामांपुढं मी बोलत नाही. कागदावर सही केली.

८ जानेवारी

बाईंची नवी टूम — भडक कपडे नकोत, पाखरं बुजतात. मातकट रंगाचे आणा. आणि तांबड्या रिबिनी तर मुळीच नकोत. चौदा मुलींच्या अठ्ठावीस रिबिनी! नव्या कोण घेणार? मी म्हटलं, आणा इकडं. बाभळीची साल उकळली आणि बुडवल्या. मातीसारख्या झाल्या. पोरी रडकुंडीला आल्या. रडा!

कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी. पुढं दोनदा बदलायची. धपाटे चार दिवस टिकतात. दुर्बीण एकच, ती बाईंच्या भावाची.

११ जानेवारी

आज नको ते झालं.

बाईंनी भिंतीवर चित्र लावलं. ढोक. लांब चोच, लांब पाय, आणि पायात कडं. बाई म्हणाल्या, त्या तळ्यावर पिलांच्या पायात असं कडं घालतात. त्यावर नंबर. नंबर वहीत लिहून ठेवतात, मग पाखरू कुठं गेलं ते कळतं.

मी घंटा द्यायची विसरले. पाच मिनिटं! हेडबाई बाहेर आल्या, "पारूबाई, झोपलात का?"

तसलं कडं माझ्याकडं आहे. दहा वर्षं झाली. पत्र्याच्या डबीत.

१२ जानेवारी

लिहूनच टाकते.

दुष्काळात जळकोटजवळ आमच्या गावी होतो. त्र्याहत्तरचा उन्हाळा. मालक खडी फोडायच्या कामावर गेलेले. आटलेल्या तळ्याच्या चिखलात ढोक पडला होता. पदरात गुंडाळून आणला. मान कापली. पायात कडं निघालं, मला वाटलं बिल्ला! माझ्या गळ्यात आता शाळेचा आहे तसा. बिल्ला म्हणजे सरकारचा नोकर. सरकारचं पाखरू कापलं, आता पोलीस येणार! कडं लपवलं. ढोक कुणी खात नाही, म्हणून घरात कोंबडं म्हणून सांगितलं. मामांनी खाल्लं. "कोंबडं चिवट हाय," म्हणाले.

पोलिसांची भीती कधीच गेली. दुसरी जात नाही.

छप्पन सालापासून या घरात मेल्या जनावराचं शिजत नाही. मामांची शपथ आहे. उपाशी मरू पण मढं खाणार नाही, असं ते त्या दुष्काळातसुद्धा रोज म्हणायचे. आणि तो ढोक — जिवंत होता का मेलेला? हलत नव्हता. रक्त आलं, पण थोडं. मी नीट बघितलंच नाही. बघायचं नव्हतं मला. केवळा पदराला धरून होती, पण चार वर्षांची. तिला काय आठवणार! त्याच दिवशी तिच्या अंगठ्यात बाभळीचा काटा घुसला होता, त्याची खूण तेवढी राहिली.

१५ जानेवारी

बाईंना कडं दाखवलं. कापलं, खाल्लं, एवढंच सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या तर नाचायच्या बाकी राहिल्या! "अहो पारूबाई, शिक्षा कसली? ते लोक खूश होतील!"

लगेच कागद काढून भरायला बसल्या. कुठं? जळकोट. जिल्हा? म्हटलं, तेव्हा उस्मानाबाद होता, आता लातूर झालाय. बाई म्हणाल्या, दोन्ही लिहू.

मग विचारलं, "जिवंत सापडला की मेलेला?"

मी म्हटलं, घंटा द्यायचीय. आणि निघून आले.

२० जानेवारी

बाईंनी कागद परत पुढं केला. म्हटलं, ती जागा कोरी राहू द्या.

घरी मामा केवळाला सांगत होते, "गाडीत कुणी काही दिलं तर आधी विचारायचं, कशाचं हाय." मी पाणी आणायला बाहेर पडले. नळाची पाळी नव्हती.

२२ जानेवारी

गेली. धपाटे, शेंगाची चटणी, माझं स्वेटर. मातीच्या रिबिनी बांधून चौदा पोरी ओळीत — चिमण्याच! मामा स्टेशनवर काठी टेकत आले. कडं आणि कागद बाईंच्या पिशवीत.

२७ जानेवारी

काही खबर नाही.

२ फेब्रुवारी

केवळाचं कार्ड आलं. अक्षर बारीक. उजेडात जाऊन तीनदा वाचलं.

"आई, वहीत नंबर सापडला. इथल्या साहेबांनी कोऱ्या जागेबद्दल बाईंना विचारलं. बाईंना माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. ते कोंबडं नव्हतं, मला तेव्हाच कळलं होतं. कोंबड्याचे पाय एवढे लांब नसतात. तुझ्या पदरातून त्याचं डोकं बाहेर आलं होतं, मी हात लावला. माझ्या अंगठ्याची खूण काट्याची नाही, आई. त्यानं चोच मारली होती. साहेबांनी लिहून घेतलं — जिवंत."

मामा ओट्यावर बसलेत. जाऊन वाचून दाखवते. कोंबड्यासकट सगळं.